कापल्याची तारीख

गणपतीच्या आधीचा आठवडा आमच्या लॅबमध्ये अवधूत परबचा असतो. त्या आठवड्यात त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याला चहाला हाक मारायची नाही आणि पंख्याचं बटण तर चुकूनही दाबायचं नाही. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यातून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचा, तो कोमट पाण्यावर सोडायचा आणि खालून काच घालून अलगद उचलायचा, हे काम तो असं करतो की बघत राहावं. मी सीमा गमरे, परळच्या त्याच लॅबमध्ये अकरा वर्षं त्या काचा रंगवते. कापायला मलाही येतं, पण माझा काप पाण्यावर सुरकुततो. हे मी आजवर कुणापुढे कबूल केलेलं नाही. इथे लिहिते आहे तेवढंच.

परबांचा गणपती कुडाळजवळ, गावी. अवधूत चतुर्थीच्या चार दिवस आधी निघतो आणि चांगला चार आठवड्यांनी, तुकतुकीत चेहरा आणि पिशवीत मालवणी खाजा घेऊन उगवतो. मी कुठे जात नाही. आमच्या घरात गणपती नाही. बाबासाहेबांचा फोटो आहे आणि बुद्धाची मूर्ती. त्यामुळे गणपतीत लॅब मी सांभाळते, आणि सहा डिसेंबरच्या आठवड्यात मी दादरला आमच्या मंडळाच्या पाण्याच्या स्टॉलवर उभी असते तेव्हा तो सांभाळतो. हा करार आम्ही कधी बोलून केला नाही. पहिल्या वर्षी तसं झालं आणि मग होतच राहिलं.

जाण्याआधी अवधूत हाताशी असतील तेवढ्या ठोकळ्यांचे काप काढून काचा खणात लावून ठेवतो. मागे माझं अडू नये आणि पेशंटचंही अडू नये म्हणून. मी जमेल तसं एकेक रंगवत जाते. नियम असा की काप सात दिवसांच्या आत वापरायचा, कारण काचेवर उघडा पडलेला तुकडा दिवसागणिक उतरत जातो. म्हणून रजिस्टरातल्या ‘कापल्याची तारीख’ या रकान्यात मी सरळ रंगवण्याच्या आदल्या दिवसाची तारीख घालत असे. अकरा वर्षं घातली. कुणाला फसवतेय असं एकदाही मनात आलं नाही. रजिस्टर स्वच्छ दिसावं आणि ऑडिटला आलेल्या माणसाने उगाच फाटे फोडू नयेत, एवढाच हेतू. जुन्या अँटीबॉडींना महिनाभराचा शिळा काप दिला तरी त्या मुकाट्याने काम करायच्या, त्यामुळे आमचं फावलं.

मग गेल्या डिसेंबरात आमच्या लॅबप्रमुख मृणालिनी मॅडमची स्वतःची अँटीबॉडी आली.

अँटीबॉडी म्हणजे काय, ते मी माझ्या आईला सांगितलं तसंच सांगते. पेशीच्या बाहेरच्या अंगावर नाना तऱ्हेची प्रथिनं असतात. काही कॅन्सरांत त्यातलं एखादं प्रथिन पेशीच्या अंगावर खच्चून भरतं. अँटीबॉडी नेमकं तेच ओळखते, जाऊन त्याला चिकटते, आणि बाकी कशाकडे ढुंकून बघत नाही. वरून आम्ही रंग घालतो, की ती जिथे चिकटली असेल तिथे पेशीभोवती तपकिरी रेघ उठते. आई म्हणाली, “म्हणजे बरोबर घर शोधणारा पोस्टमन.” मी म्हटलं, हो, पण हा नवीन पोस्टमन फार लहरी आहे. मॅडम तिच्यासाठी सहा वर्षं खपल्या होत्या. बाटलीवर त्यांनी लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘फक्त संशोधनासाठी’. म्हणजे तिच्यावरून कुणाचं औषध ठरवायचं नाही.

पण जूनमध्ये, ही अँटीबॉडी ओळखते त्याच प्रथिनावर नेम धरणाऱ्या एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला, आणि त्यात कुणाला घ्यायचं याची पहिली चाळणी आमच्याकडे आली. रेघ उठली तर तो ठोकळा पुढच्या पक्क्या तपासणीला जायचा. रेघ नाही उठली तर विषय तिथेच संपला. त्यानंतर कुणी परत बघायचं नाही. म्हणजे ठरवायचं नाही असं लिहिलेली बाटलीच अर्धं ठरवत होती. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं असं नाही. मी म्हटलं, मोठ्यांचं मोठे बघतील.

कोंडीराम शेलार आले ते अवधूत निघायच्या आदल्या दिवशी. शिवडीच्या एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर आहेत, वय पंचावन्नच्या आसपास. बायकोचा ठोकळा त्यांनी आधीच्या हॉस्पिटलातून सोडवून आणला होता, कापसात गुंडाळून, स्टीलच्या डबीत घालून. सुंदराबाईंना स्तनाचा कॅन्सर. तीनदा औषधं बदलून झाली होती आणि आजार यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता या अभ्यासात बसल्या तर बसल्या, नाहीतर आपल्याकडे देण्यासारखं फार काही नाही.

“ताई, हरवणार नाही ना हे?” डबी माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं.

“इथे काही हरवत नाही,” मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

त्या दुपारी अवधूतने सुंदराबाईंचे काप काढले, काचा खणात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी तो गावी गेला. मॅडम परदेशात परिषदेला गेल्या. वाचायला कुणी नाही तर रंगवून तरी काय करायचं, म्हणून काचा खणातच राहिल्या. मॅडम परत यायच्या वेळेला, तेविसाव्या दिवशी, मी दोन पेशंटच्या काचा एकदम रंगवल्या आणि कापल्याची तारीख आदल्या दिवशीची घातली. एकीची रेघ ठळक उठली. सुंदराबाईंची काच कोरी. सोबतची कंट्रोलची काच, म्हणजे ज्यात रेघ उठणार हे आधीच माहीत असतं ती, अगदी व्यवस्थित होती. मॅडमनी बघितलं, निगेटिव्ह लिहिलं, सही केली. मी कोंडीरामांना फोन केला की बसत नाही, सोमवारी येऊन ठोकळा घेऊन जा. ते “बरं” म्हणाले.

त्याच आठवड्यात मॅडमना त्यांच्या लेखासाठी एक फोटो हवा झाला. जुलैमधली एक पेशंट होती, जिची रेघ फिकट पण स्पष्ट उठली होती. तिची एक जास्तीची काच खणात होती, गणपतीआधीच कापलेली. मी रंगवली तर कोरी. जुलैमध्ये मी माझ्या डोळ्यांनी ती रेघ बघितली होती. मी चिडले. आधी फ्रिजवर चिडले, मग रंगाच्या कंपनीवर, मग बाटली नीट बंद न करणाऱ्या अज्ञात माणसावर. शेवटी त्या ठोकळ्याचा ताजा काप स्वतःच काढला, सुरकुतलेला का होईना, आणि रंगवला. शुक्रवारी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर सुरकुत्यांसकट सगळीकडे फिकट तपकिरी रेघ, जुलैसारखीच.

मी स्टुलावर बसून राहिले. बाटलीचा दोष नव्हता. नवी अँटीबॉडी शिळ्या कापाला ओळखत नव्हती. ज्यांच्यात ते प्रथिन भरपूर होतं त्यांचं शिळ्या कापावरही दिसत होतं, आणि आमची कंट्रोलची काच नेमकी तसलीच भरपूरवाली. बेताचं असेल तर खणात पडल्या पडल्या पुसलं जात होतं. सुंदराबाईंची काच तेवीस दिवस खणात होती, आणि रजिस्टरात माझ्या अक्षरात एक दिवस लिहिलेला होता. त्या तारखेमुळे मॅडमना शंका घ्यायला जागाच उरली नव्हती.

शनिवार-रविवार मी घरात सगळ्यांवर खेकसत काढले. सोमवारी अवधूत आला, टेबलावर खाजा ठेवला.

“काय गो, इतकी गप कित्याक?”

मी सगळं सांगितलं. खाज्याचा पुडा सोडता सोडता तो थांबला.

“कोणाक सांगितलंस?”

“नाही अजून.”

“मग सांगू नको. मी आत्ता ताजो काप काढतंय. निगेटिव्हच इलो तर काय बिघडला? आणि पॉझिटिव्ह इलो तर मॅडमना सांगू, आमका शंका इली म्हणून परत बघितला.” मग जरा थांबून म्हणाला, “माझी फाईल वर गेली हा, तुका म्हायत आसा.”

मला माहीत होतं. सीनियर टेक्निशियनची जागा, सहा वर्षं अडकलेली. आणि तो बोलला त्यात धड खोटंही काही नव्हतं, म्हणून मला ते पटकन पटलं.

अकराच्या सुमारास कोंडीराम आले. धुतलेला शर्ट, हातात रिकामी डबी. मी म्हटलं, “दादा, ठोकळा उद्यापर्यंत राहू दे. परत एकदा बघायचंय.”

“परत म्हणजे? तुम्ही तर नाही म्हणालात ना?”

“म्हणजे जरा खात्री करून घेते.”

“चान्स आहे का ताई?”

तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “आत्ता काही सांगता येणार नाही.” त्यांनी त्यातलं त्यांना हवं तेवढंच ऐकलं. डबी माझ्याकडेच ठेवली आणि जिना उतरताना मला त्यांची पावलं ऐकू आली, भराभर. पण मी मागे धावले नाही.

अवधूतने काप काढला. मी त्याच्याशेजारी उभी राहिले आणि या खेपेला जुलैच्या फिकट पेशंटचा ताजा कापही बरोबर लावला, म्हणजे बेताचं प्रथिन असेल तरी ते दिसतंय की नाही हे कळावं. अकरा वर्षांत हे पहिल्यांदा सुचलं, याची लाज वाटायला मला तेव्हा सवड नव्हती.

मंगळवारी बाराला काचा तयार झाल्या. आधी जुलैची बघितली. रेघ होती, फिकट, जिथे असायला हवी तिथे. मग सुंदराबाईंची लावली. निळी केंद्रकं, निळी, सगळी निळी. काच इकडून तिकडे सरकवून मी कोपरान् कोपरा बघितला. तपकिरी कुठेच नव्हतं. सुंदराबाईंच्या पेशींवर ते प्रथिन नव्हतंच. पहिला निकाल चुकीच्या वाटेने आला होता, पण बरोबर होता.

आणि मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. अवधूत माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने खाज्याचा तुकडा माझ्यापुढे केला आणि मी तो तोंडात टाकला. दोन-तीनदा चावला असेल, तेव्हा माझ्या लक्षात आलं की एका बाईचं शेवटचं औषध हुकलं आणि मी गोड खात होते.

तो तुकडा मला गिळवेना. मी उठले आणि कपाटातून रजिस्टर काढलं.

“आता कित्याक?” अवधूत म्हणाला. “सुटलो ना आपण?”

“आपण सुटलो. तेच तर.”

“सीमा, ऐक. मी काप काढून ठेवलंय ते तुझ्याचसाठी. पेशंटसाठी. मजा म्हणून नाय.”

“ते मी पण सांगणार आहे.”

“कोण ऐकतलो? विचारतले तर एकच, कापला कोणी.”

तो बरोबरच बोलत होता. अकरा वर्षं ज्या माणसाच्या जिवावर मी गणपती निभावले, त्याला मी विचारत नव्हते, नुसती सांगत होते. तरी मी गेले.

मृणालिनी मॅडमनी ताज्या काचा बघून निगेटिव्हवर सही केली, मग रजिस्टर बघितलं, मग मला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

“किती वर्षं?”

“अकरा. पण ही अँटीबॉडी आल्यापासून हा पहिलाच गणपती.”

“म्हणजे अभ्यासातल्या दोनच पेशंट.” त्यांनी हिशेब माझ्याआधी केला. “मला अभ्यासाच्या समितीला कळवावं लागेल, सीमा. तुझ्या नावानिशी. परबांच्याही.”

“हो मॅडम.”

“आणि बेताचा कंट्रोल लावायला मी सांगायला हवं होतं. ते माझ्या नावाने लिहीन.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्या गृहस्थांना मी सांगते.”

“नको,” मी म्हटलं. “थांबायला मी सांगितलं होतं.”

कोंडीराम तीनला आले. मला बोलूही न देता म्हणाले, “ताई, काल ती जेवली. मांदेली आणायला लावली मला. किती महिन्यांनी स्वतःहून काही मागितलं.”

मी त्यांना बाकावर बसवलं आणि उभ्याने सगळं सांगितलं. काच तेवीस दिवस पडून होती. मी खोटी तारीख लिहिली होती. काल परत केलं, ताजं केलं, आणि उत्तर तेच आलं. ते ऐकत होते आणि माझ्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्यांची सवय आहे.

“मग काल कशाला थांबवलंत?” ते म्हणाले. “कालच दिलं असतंत तर आमचं रडून झालेलं होतं.”

“चुकलं माझं. कालच खरं सांगायला हवं होतं.”

ते उठले. “तुम्हीच चला घरी. माझ्याच्यानं दुसऱ्यांदा नाही सांगवत.”

मी मॅडमना सांगून निघाले. जाताना अवधूत काप काढायच्या यंत्रापाशी, मायक्रोटोमपाशी पाठमोरा बसला होता. रोज चार वाजता आम्ही एकत्र चहा घेतो. “येते रे,” मी म्हटलं. तो मागे वळला नाही.

शिवडीला बसने गेलो. कोंडीराम खिडकीशी बसले होते आणि मी त्यांच्या बाजूला. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सुंदराबाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, हात काटकुळे, पण नजर चांगली धारदार. मी कोण हे नवऱ्याने सांगितल्यावर त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसायला लावलं.

मी सांगितलं. या खेपेला बसून सांगितलं आणि काही गाळलं नाही. खण सांगितला, गणपतीची सुट्टी सांगितली, रकाना सांगितला. अवधूतचं नाव घेतलं नाही. ताज्या कापावरही रेघ नाही, म्हणजे हे औषध त्यांच्यासाठी नाही, हे शेवटी सांगितलं. कोंडीराम दारातच उभे होते.

“म्हणजे तुम्ही तारीख खोटी लिहिलीत आणि कुणाला कळलं नाही,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि आता परत केलंत, ते खरं.”

“हो. मी स्वतः उभी होते तिथे.”

“ते मी कशावरून धरू?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. माझ्याकडे उत्तरं होती. जुलैची काच होती, तिची फिकट रेघ होती, कोपरान् कोपरा बघितलेला होता. मी जे सांगत होते ते शब्दन् शब्द खरं होतं, आणि त्या कॉटवर बसलेल्या बाईला ते पटवून देईल असं माझ्यापाशी काहीही नव्हतं.

“मॅडमनी सही केलीय,” मी म्हटलं.

“पहिल्या कागदावर पण होती.”

मी म्हटलं, “ठोकळा पक्की तपासणी करणाऱ्या दुसऱ्या लॅबला पाठवू. आमचा काही संबंध नसलेल्या. मॅडमना मी सांगेन, त्या पत्र देतील. मी स्वतः नेऊन देते, उद्याच.”

“किती दिवस लागतील?”

“तीन आठवडे.”

सुंदराबाईंनी दाराकडे, नवऱ्याकडे बघितलं आणि मग परत माझ्याकडे.

“तेवढे तर तुमच्या खणातच गेले की,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.